पेंडीच्या पिठाचा डबा

निघण्याआधी

नागपूरहून आलेल्या माणसाला लोक संत्र्यांबद्दल विचारतात. मी जानेवारीत गेले, आठवडाभर राहिले आणि एकही संत्रं न आणता परत आले. जे पाहिलं ते असं: एक प्रयोगशाळा, एक वीजकेंद्र, एका मावशींचं स्वयंपाकघर आणि काळोख्या खोलीतली एक काचेची पट्टी. यातलं काही बघायला कुणी मुद्दाम जात नाही. पण आमच्यासारखी बालवाडी चालवणाऱ्या बायका गावोगाव आहेत, आणि शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ आता बऱ्याच जणींच्या कोठीत आलेलं आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या तासगावच्या बालवाडीत मुलांना रोज एक लाडू मिळायचा. तेल काढून उरलेली स्वच्छ पेंड दळून केलेलं पीठ, गूळ आणि थोडे तीळ. डाळीपेक्षा स्वस्त, ताकदीला डाळीपेक्षा जास्त. मुलांनी अंग धरलेलं दिसत होतं. आया खूश होत्या, मीही होते.

मग दिवाळीनंतर बबनचे डोळे पिवळे झाले. बबन पाच वर्षांचा, वर्गात पहिला येऊन लाडवाच्या डब्याजवळ बसणारा. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, पाण्यामुळे असेल, गावात आणखी दोघातिघांना झाली आहे. मी मान डोलावली आणि घरी आले. पण थोड्या दिवसांपूर्वीच एका शेतकी मासिकात वाचलं होतं, की शेंगदाण्याला बुरशी आली तर त्यात एक विष तयार होतं आणि ते यकृतावर जातं. ती बुरशी दिसतेच असं नाही, वासालाही येतेच असं नाही. आमची पोती पावसाळाभर, बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाच्या मागच्या खोलीत होती. त्या खोलीच्या भिंतीला ओल येते हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही जरा जास्तच करता. पोरं उपाशी बसतील त्याचं काय?" त्यांचंही खरंच होतं. लाडू बंद झाल्यावर दोन आया येऊन विचारून गेल्या.

नागपूरला तेलबियांवर काम करणारी एक संस्था आहे. तिथे पत्र टाकलं. उत्तर आलं, नमुना घेऊन या, पोत्याच्या वरचा, मधला आणि तळाचा भाग एकत्र करून आणा, कोरड्या डब्यात घट्ट बंद करा आणि वाटेत उघडू नका. माझ्या वहिनीचं माहेर नागपूरचं, त्यामुळे उतरायची सोय होती. वहिनीनं आईसाठी बेदाण्यांचा डबा भरून दिला. मी सामानाची यादी केली, एकेक वस्तूवर खूण करत ट्रंक भरली, आणि बेदाण्यांचा डबा ओसरीवरच्या कोनाड्यात विसरून निघाले. तो यादीत लिहायचाच राहिला होता. दौंड गेल्यावर ते लक्षात आलं, तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं.

प्रताप नगर

शनिवारी संध्याकाळी पोचले. प्रताप नगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. वहिनीच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणते, एकट्याच राहतात. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज मात्र अंगणभर जाणारा.

"या, या. गाडीत जेवल्या काय काही? तोंड पहा कसं सुकून गेलं."

मी ट्रंक ठेवली आणि आधी नमुन्याच्या डब्याला जागा शोधली. बाहेरच्या खोलीची फरशी गार होती. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर एक फळी होती, कोरडी, उबदार. दूध पावडरचा जुना डबा, झाकणावर पांढरं फडकं आवळून बांधलेलं. मी तो फळीवर ठेवला आणि म्हणाले, "मावशी, हा इथे ठेवते हं."

"ठेवा नं," त्या म्हणाल्या. त्यांनी डब्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापायला घेतली.

एवढंच बोलणं झालं. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या एवढ्याच बोलण्यात होतं.

बेदाण्यांची मला लाज वाटत होती, म्हणून मी तो विषयच काढला नाही. प्रयोगशाळेत काम आहे हे सांगितलं, पण कसलं ते नीट सांगितलं नाही. मुलांच्या अन्नाबद्दल अशी शंका दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकताच बोलून दाखवणं मला बरं वाटेना.

रविवार

संस्था रविवारी बंद. थंडी बोचरी होती. आमच्याकडे इतकी नसते. मावशींनी सकाळी अंगणात शेगडी आणून ठेवली आणि मी तिच्याजवळ बसून सोमवारी विचारायचे प्रश्न लिहून काढले. विष एकदा शरीरात गेलं की राहतं का. किती दिवसांनी कळतं. बबनला आता काय द्यायचं. लिहिताना चौथा प्रश्न सुचला तो लिहिला नाही: बाकीच्या मुलांचं काय.

दुपारी मावशींचे जावई शरदराव जेवायला आले. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, उंच, थट्टेखोर. मावशींची दुसरी मुलगी मंगला सहा महिन्यांची गरोदर होती, म्हणून ती आली नव्हती. जेवणात पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या थापून, कापून लालभडक रश्श्यात सोडतात. आमच्याकडे पाटवड्या कोरड्या खातात, त्यांना असं पोहायला सोडत नाहीत. वर चिरलेली कोथिंबीर, तिला इथे सांबार म्हणतात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, पण वड्या फार खुसखुशीत होत्या.

"मावशी, वड्या किती छान झाल्यात. नुसत्या बेसनाच्या वाटत नाहीत."

मावशी हसल्या आणि नुसतंच म्हणाल्या, "तुमचंच हाय सारं."

शिष्टाचाराचं बोलणं समजून मी आणखी दोन वड्या घेतल्या. शरदराव म्हणाले, "आमच्या सासूबाई पाहुणा पाहून तिखट टाकतात. जावई आला की दुप्पट. लवकर उठून जावा म्हणून."

"जा नं मग," मावशी म्हणाल्या. "पण मंगलासाठी पिशवी ठेवली हाय, ते घेऊन जा."

संस्थेत

सोमवारी सकाळी मी डबा दोन्ही हातांनी धरून सायकलरिक्षात बसले. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तो पोटाशी दाबून धरला.

तेलबियांचं काम पाहणारे वैरागडे साहेब पन्नाशीचे होते, सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर. माझं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. नमुना घेण्याआधी त्यांनी मला खोली दाखवली, बहुधा मी घाबरलेली दिसत असेन म्हणून. खिडकीत उन्हात बाटल्यांची रांग होती. जवसाचं तेल, करडईचं, शेंगदाण्याचं, तिळाचं, एकाच दिवशी ठेवलेली.

"जवसाचं हुंगून पाहा."

मी हुंगलं. जुन्या पेटीच्या तेलरंगासारखा वास.

"आता तिळाचं."

ते अगदी ताजं होतं.

"तिळाच्या तेलात त्याचा स्वतःचा राखणदार असतो. हवा तेलाला बिघडवायला येते, तो तिला अडवतो. जवसाला असा राखणदार फार कमी. तुम्ही लाडवात तीळ घालता, ते चांगलं करता. खवट लवकर होत नाहीत." मग थांबून म्हणाले, "पण हा राखणदार बुरशीला अडवत नाही. ती चोरवाट वेगळी."

कपाटात सरकीच्या पिठाच्या चकल्या होत्या. सरकीत एक पिवळं द्रव्य असतं, ते काढून टाकल्याशिवाय तिचं पीठ माणसाला चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. सोयाबीनचं पीठ होतं, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी मी हे सगळं उतरवून घेतलं असतं. त्या दिवशी माझं लक्ष डब्याकडे होतं.

"आणा," ते म्हणाले.

त्यांनी फडकं सोडलं. झाकण उघडलं. आधी वास आला: लसूण, मग मिरची. वैरागडे साहेबांनी डब्यात पाहिलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा पाहिलं.

"ही जवसाची चटणी आहे," ते म्हणाले. "तीळही घातलेत. चांगली दिसते."

मी डबा त्यांच्या हातातून घेतला. लालसर, रवाळ, काठोकाठ भरलेली चटणी. डबा माझाच होता. बुडाला माझी तांबड्या रंगाची खूण होती. फडकंही माझंच. फक्त गाठ माझी नव्हती. मी सरळ गाठ मारते, ही आडवी होती. सकाळी डबा उचलताना ती माझ्या नजरेला आली असणारच, पण मन भलतीकडे होतं.

मला भीती वाटली ती पीठ गेलं याची नव्हे, ते कुठे गेलं याची. पातोडीच्या वड्या नुसत्या बेसनाच्या नव्हत्या. आणि मंगलासाठी पिशवी.

मी सगळं भराभर सांगितलं. वैरागडे साहेबांनी मला बोलू दिलं, मग हात वर केला. "बाई, एका जेवणात खाल्लं म्हणून कुणाला काही होत नाही. हे रोज, महिनोन्‌महिने, लहान शरीरात जातं तेव्हाचा प्रश्न आहे. घरच्यांची काळजी सोडा."

मला धीर देण्यासाठीच ते बोलले. पण रोज, महिनोन्‌महिने, लहान शरीरात, हे तर आमच्या बालवाडीचंच वर्णन होतं.

"आणि पोटुशी बाई?"

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "तिनं खाऊ नये हे बरं. आणि पीठ उरलं असेल तर घेऊन या. मूठभर पुरे. सगळ्यात उत्तम म्हणजे गुठळ्या. बुरशी लागली असली तर गुठळ्यांत आधी सापडते."

पुन्हा प्रताप नगर

मावशी अंगणात गहू निवडत होत्या. मी रिक्षातून उतरतानाच विचारलं, "मावशी, माझ्या डब्यातलं पीठ?"

"तुमी आणलं ते? अर्धं काल पातोडीत टाकलं. बाकीचं मंगलाकडे धाडलं. पोटुशी बाई, तिले ताकद पाहिजे."

"पण ते... ते तुमच्यासाठी नव्हतं."

मावशींच्या सुपातले हात थांबले. चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "लेकीच्या सासरकडची पाहुणी येते, येताच सैपाकघरात डबा ठेवते, म्हणते इथे ठेवते. आता तिले काय पुसू, माह्यासाठी आणला की नाही? शोभते काय असं पुसणं?"

"मग चटणी कशाला भरलीत?"

"अवं, डबा रिकामा परत करू काय?"

आमच्या घरीही कुणाचा डबा रिकामा जात नाही. निदान साखरेचे चार दाणे तरी जातात. त्या कधी बोलल्या नाहीत, कारण देणाऱ्याला ओशाळं वाटू नये. मी कधी बोलले नाही, कारण बेदाणे विसरल्याची मला लाज. दोघी आपापल्या जागी नीट वागलो होतो.

मग मी त्यांना काय काम आहे ते सांगितलं. बबन, ओलीची भिंत, बुरशी. मावशी ऐकत गेल्या तशा त्यांनी सूप बाजूला ठेवलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "चाल. लुगडं बदलते."

'तुमी' गेलं होतं, 'तू' आलं होतं. मला ते बरं वाटलं.

खापरखेडा

एस.टी.त मावशी खिडकीशी बसल्या. शहर सुटल्यावर खालच्या आवाजात म्हणाल्या, "मंगलापुढे विषाचं नाव काढू नको. पोटुशी बाईले असं भेव दाखवत नसतात. पयलं गेलं तिचं, मागच्या वर्षी."

हे मला माहीत नव्हतं. वहिनी कधी बोलली नव्हती.

"मग पीठ परत कसं मागायचं?"

"मी पाहून घेते."

"काय सांगणार?"

"माय हाव मी तिची. काही तरी सांगन."

त्या दिवशी मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. पीठ रविवारी दुपारी गेलं होतं. आईनं पाठवलेलं, ताकदीचं म्हणून सांगून पाठवलेलं. कोणती मुलगी ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवेल?

धुराडी दुरूनच दिसली. जवळ गेल्यावर हवेत बारीक राख असल्याचं जाणवलं. झाडांची पानं करडी झालेली. कॉलनीतली घरं एकसारखी, पण अंगणं वेगवेगळी: कुठे तुळस, कुठे बुद्धाची लहान मूर्ती आणि निळा झेंडा, कुठे कोंबड्यांचं खुराडं. मंगलाच्या दारात वाळत घातलेली पातळं होती आणि आतून भाजल्याचा वास येत होता. तो शेंगदाण्याचाच वास होता. मावशींनी माझा हात घट्ट धरला.

मंगला दारात आली. मोठं पोट, तोंडावर घाम.

"आई? अशी न सांगता?"

"आलो इकडे. हिले वीजकेंद्र पाहायचं होतं."

मंगलानं माझ्याकडे पाहिलं. वीजकेंद्र पाहायला आलेल्या बाईचा चेहरा असा नसतो, हे तिला दिसलंच असणार.

"बसा नं. लाडू करून राहिली होती. तू पाठवलं नं ते पीठ."

ताटात लाडू होते. बरेच. आणि त्यांच्या मधे एक खळगा होता, जिथून काही उचलले गेले होते.

"तू खाल्ला काय वं?" मावशींचा आवाज निघाला तो त्यांचा वाटला नाही.

"काहून?"

"सांग नं."

"आई, काहून अशी करून राहिली? काही झालं काय त्या पिठाले?"

मावशींनी बसमध्ये बजावलेलं मला आठवत होतं, आणि ती बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. न सांगितलेलं भय मोठं होत जातं, हे गेले दोन महिने मी स्वतःच अनुभवत होते. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली, म्हणजे सांग म्हणाल्या.

मी सांगितलं, जमेल तितकं सरळ. पिठाला बुरशी असण्याची शंका आहे, खात्री नाही. एकदा खाल्ल्यानं काही होत नाही असं जाणकार म्हणतात. तरी तू खाऊ नयेस.

मंगला भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मी नाही खाल्ला. मले त्याचा वासच सहन होत नव्हता. भाजता भाजता दोनदा बाहेर जाऊन आली."

मावशी तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"मग ताटातले कुठे गेले?"

आतल्या खोलीतून आवाज आला. रात्रपाळी करून झोपलेले शरदराव उठून दारात उभे होते. "मी खाल्ले. तीन." केसांतून हात फिरवत म्हणाले, "चवीले तं चांगले होते. आता काय होईन माह्यं?"

"काही होत नाही," मी म्हणाले.

"मग ठीक हाय. पण सासूबाई, एक पुसतो. मी खाल्ले म्हणल्यावर तुमी रडणं बंद काहून केलं?"

मंगला आधी हसली, मग मावशी. मी हसू शकले नाही. मी ताटातले लाडू मोजत होते, आणि मग लक्षात आलं की मोजून काही उपयोग नाही. मला पीठ हवं होतं.

"पीठ उरलं का थोडं?"

"नाही. सारं भाजलं." मंगला आठवत म्हणाली, "चाळलं होतं पण. गुठळ्या निघाल्या, त्या भाजल्या नाही. शेजारणीच्या कोंबड्यांसाठी ठेवल्या."

गुठळ्या खिडकीत एका वाटीत होत्या, वर ताटली झाकलेली. मी ती वाटी उचलून उजेडात धरली. वाटाण्याएवढ्या गुठळ्या, काही पिवळट, दोनचार करड्या. त्या आमच्या कोठीतल्या पोत्यातल्या होत्या. तिथे मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या, कारण आमच्याकडे पीठ चाळायला दिलं जात होतं आणि माझ्यापर्यंत फक्त लाडू यायचे.

निघताना लाडवांचं काय करायचं हा प्रश्न आला. मावशींनी स्वतः खड्डा खणला, अंगणाच्या कोपऱ्यात, आणि लाडू पुरले. अन्न पुरताना त्यांनी हात जोडले. शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिनं विचारलं, "काय गाडून राहिल्या माय?"

"नजर," मावशी म्हणाल्या, आणि तिनं पुढे काही विचारलं नाही.

काळोखी खोली

मंगळवारी मी गुठळ्या संस्थेत नेऊन दिल्या. तिथे त्या दळल्या, कसल्याशा द्रवात हलवल्या, गाळल्या. त्या द्रवाचे थेंब पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर एका रेषेत ठेवले. त्यांच्याशेजारी, ताडून पाहायला, खऱ्या विषाचा एक थेंब. मग पट्टी एका बरणीत उभी केली. हे सगळं होईपर्यंत दोन दिवस मी प्रताप नगरात होते. मावशींनी मला कामाला लावलं: गहू निवडले, पापड लाटले, त्यांच्या भाडेकरूच्या मुलाला पाढे शिकवले. बबनबद्दल त्या रोज एकदा विचारत आणि मी रोज सांगे की कळलं नाही. रात्री झोप येत नसे. बाकीच्या मुलांचे चेहरे मी एकेक करून आठवत असे आणि प्रत्येकाचे डोळे कसे होते ते आठवायचा प्रयत्न करी.

गुरुवारी वैरागडे साहेबांनी मला एका लहान खोलीत नेलं. खिडक्यांना काळा कागद. मावशीही आल्या होत्या, न विचारता, नाकाला पदर लावून. दिवा लागला, जांभळा, जेमतेम दिसणारा. पट्टीवर शेवटचा ठिपका निळा चमकत होता. तो खऱ्या विषाचा.

"आता त्याच्या ओळीत बघा. त्याच उंचीला."

त्याच उंचीला आणखी एक ठिपका होता. पहिल्याइतका तेज नव्हता, पण निळाच होता. इतका सुंदर रंग मी फार कमी वेळा पाहिला आहे.

"हेच काय ते?" मावशींनी विचारलं.

"हेच," वैरागडे साहेब म्हणाले.

मग मी माझा कागद काढला आणि प्रश्न विचारले. त्या अंधारात तो वाचता येत नव्हता, पण पाठ झाला होता.

त्यांची उत्तरं थोडक्यात लिहिते, कारण इतर बालवाड्यांना हवी असतील. बबनची कावीळ यानं झाली की पाण्यानं, हे ते सांगू शकत नाहीत, कोणीही सांगू शकणार नाही. पाण्यानं झाली असण्याची शक्यता जास्त. बाकीच्या मुलांना आता काही त्रास नसेल तर घाबरू नये, पण हे पीठ एक दिवसही देऊ नये. भाजून, शिजवून ते विष जात नाही. गुरांनाही घालू नये, दुधात उतरतं.

"मग पेंड नकोच का?" मी विचारलं.

"पेंड उत्तम आहे. तुमच्या मुलांना तीच हवी. पण तुम्ही पेंड विकत घेता तेव्हा दाणे कसे होते ते कुणी पाहिलेलं नसतं. तुम्ही दाणे घ्या. निवडा. सुरकुतलेला, काळवंडलेला, फुटलेला, एकूण एक बाहेर. मग तुमच्यासमोर तेल काढून घ्या आणि ओलीपासून दूर ठेवा."

"एवढं निवडायचं कुणी?" माझ्या तोंडून गेलं.

मावशी अंधारातून म्हणाल्या, "सुपं नाहीत काय तुमच्या गावात?"

बाहेर आल्यावर मी मंडळाला तार केली: मी आल्यावर पीठ जाळू, मुलांना अख्खे फुटाणे द्या.

परतल्यावर

पोती जाळली तेव्हा चिटणीसबाई शेजारी उभ्या होत्या.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी आया सुपं घेऊन येतात. पहिल्या आठवड्यात बडबड जास्त आणि निवडणं कमी झालं. मग मी त्यांना त्या निळ्या ठिपक्याचं सांगितलं, सगळं, बबनच्या आईसमोरच. ती उठून जाईल असं मला वाटलं होतं. तिनं सूप पुढे ओढलं आणि निवडायला घेतलं, आणि तिच्या सुपातून गेलेल्या दाण्यांत मला अजून एकही वाईट दाणा सापडलेला नाही.

बबन माघात वर्गात परत आला. रोज सकाळी मी त्याला दारात, उजेडात थांबवते आणि बोटानं खालची पापणी ओढून पाहते. तो आता सवयीनं स्वतःच मान वर करतो आणि विचारतो, "पांढरं आहे ना बाई?"

"पांढरं आहे," मी म्हणते. आजवर दररोज असंच म्हणता आलं आहे.

दूध पावडरचा डबा माझ्याकडेच होता. मावशींनी निघताना तो पुन्हा चटणीनं भरून दिला होता, लवकर संपवजो म्हणून. चटणी संपली, डबा धुतला, उन्हात दोन दिवस वाळवला. रिकामा पाठवता येत नव्हता. बेदाणे भरावेत असं वहिनी म्हणाली. मी शेंगदाणे भरले, घरी बसून एकेक हातात घेऊन निवडलेले, सगळे अख्खे, काहीही न कुटता, न दळता. वहिनी म्हणाली, "तुझ्या निवडीत निम्मे बाहेरच जातात. आई काय परीक्षा घेणार आहे?"

झाकण लावलं, फडकं बांधलं, सरळ गाठ मारली. वरच्या चिठ्ठीत फार काही लिहिलं नाही. मावशी, हे तुमच्यासाठीच आहे. मंगलालाही द्या.

तिला एप्रिलमध्ये मुलगी झाली, असं त्यांचं कार्ड आलं आहे. डबा अजून परत आलेला नाही.